वाढोण्याच्या डोंगरातली माणसं

ह्यांची बदली हिमायतनगरला झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो पाण्याचा आणि दुसरा मुलाच्या शाळेचा. गाव कसं आहे, तिथं माणसं कोण राहतात, हे कुणी विचारलंच नाही. मी लातूरची. नांदेडच्या पुढं एकदम माहूरची देवीच, मधलं सगळं आमच्या लेखी खिडकीतून बघायचं. तरी एका पावसाळ्यात ट्रंका, डबे, पाटा-वरवंटा असं सगळं टेंपोत घालून पाठवलं आणि आम्ही तिघं, सासूबाई धरून चौघं, आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. मुदखेड गेलं, भोकर गेलं आणि काळ्या रानाच्या कडेनं डोंगर दिसायला लागले. फार उंच नव्हेत, पण एकामागं एक अशी रांगच लागलेली. पुढं किनवटपर्यंत आणि त्याही पलीकडे तेच.

गावात आल्यावर पहिली गंमत नावाची. भाजीवाली मला म्हणाली, "वाढोण्यात नव्या दिसता." मी म्हटलं, नाही हो, आम्ही हिमायतनगरला आलोय. ती हसली. वाढोणा हेच या गावाचं जुनं नाव. निजामाच्या राज्यात ते हिमायतनगर झालं, पण परमेश्वराच्या देवळापाशी बसणारी म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. महाशिवरात्रीला या परमेश्वराची मोठी यात्रा भरते. म्हणजे गावालाच दोन नावं, एक लोकांचं आणि एक दप्तरातलं. तेव्हा मला ते नुसतं मजेचं वाटलं होतं.

मला एका शाळेत अर्ध्या दिवसाची नोकरी मिळाली. आठवी ते दहावीला इतिहास आणि मराठी. माझी बी.ए.ची पदवी लग्नानंतर कपाटातच होती, ती एकदाची बाहेर निघाली. तर नववीच्या वर्गात मी सातवाहन शिकवत होते. पैठण, नाणेघाट, हाल राजाची गाथासप्तशती, पुराणांत या राजांना आंध्र म्हटलं आहे, वगैरे. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. फार बोलणारी नव्हे. म्हणाली, "मॅडम, आमी आंध हाव. मामा म्हंतो, ते राजे आमचेच. खरं हाय का?"

मी अडखळले. वर्षभर याच गावात राहून, रोज आंधांच्या मुलींना शिकवून, आंध कोण हे मला धड माहीत नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "ते कसले आदिवासी? आपल्यासारखंच तर मराठी बोलतात!"

मैत्रिणींनो, या एका वाक्यात सगळी अडचण आहे.

या डोंगरांत गोंड आहेत, त्यांची गोंडी भाषा आहे. कोलाम आहेत, त्यांची कोलामी आहे. प्रधान आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत आणि तांड्यावर गेलं की बोलीही निराळी आणि बायकांचे कपडेही निराळे. यांना कुणी 'तुम्ही कोण' असं विचारत नाही, कानाला आणि डोळ्यालाच कळतं. आंध मात्र मराठीच बोलतात. नदीच्या या अंगाला हिमायतनगर, किनवट, माहूर, हदगाव, तिकडं कळमनुरी, आणि पलीकडं उमरखेड, पुसद, अशा पट्ट्यात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या पावणेपाच लाखांच्या घरात भरली. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पहिलंच नाव आंध आहे. तो इंग्रजी अक्षरक्रमाचा मान, दुसरं काही नाही. पण इतके लोक, इतकी वर्षं, आणि शेजारी राहणाऱ्या माझ्यासारखीला त्यांची ओळख नाही.

श्रावणातल्या एका रविवारी त्या मुलीनं घरी बोलावलं. आम्ही आधी सहस्रकुंडाचा धबधबा बघून घेतला. पैनगंगा तिथं काळ्या खडकांतून अशी काही कोसळते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एक काठ नांदेड जिल्ह्याचा, समोरचा यवतमाळचा. आता हा नुसता जिल्ह्याचा शिवधुरा, पण एके काळी ती दोन सरकारांची हद्द होती. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला, तेव्हापासून पलीकडे इंग्रजांचं दप्तर आणि अलीकडे हैदराबादचं. किनवट तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. माणसं मात्र दोन्ही काठांना तीच. सोयरिकी नदी ओलांडून होत होत्या आणि आजही होतात.

तिथून मुलीच्या गावाला गेलो. चाळीस-पन्नास घरं, भोवती कापूस आणि सोयाबीन, मागं सागाचं रान. मुलीची आजी ओसरीवर आंबाडी निवडत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पण दात शाबूत. "बसा माय," म्हणून तिनं घोंगडी टाकली. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, चारोळी फोडायची, तेंदूपत्त्याचे पुडे बांधायचे, बाकी वर्षभर स्वतःचं थोडं रान आणि दुसऱ्याच्या रानात मजुरी, असा तिचा सगळा जन्म गेला होता. जेवायला ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी, कण्या घालून केलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. म्हणाल्या, "ही तर माझ्या आईच्या हातची." मग दोघी म्हाताऱ्यांचं जे जुळलं, ते कण्या भिजवाव्यात की नाही इथपासून गुडघेदुखीपर्यंत. मी आणि मुलगी बाहेरच राहिलो!

परतल्यावर मी पुस्तकं काढली. कॉलेजातली काही होती, काही ह्यांनी नांदेडहून आणून दिली. रात्री भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरातच बसून वाचायची. जे हाती लागलं ते सांगते.

रसेल आणि हिरालाल यांचं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं मोठं पुस्तक 1916 साली निघालं. त्यात आंधांवर दीड-दोन पानं आहेत. 1911 साली वऱ्हाडात ते सुमारे 52,000 होते असं त्यात आहे. ही मोजणी अर्थातच नदीच्या पलीकडची. आंध हे मूळचे आंध्र किंवा तमिळ मुलुखातली बिगर-आर्य जमात असावी आणि नाव त्या प्रदेशावरून पडलं असावं, असा लेखकांचा अंदाज. कुळांची नावं बहुतेक मराठी, गावांवरून पडलेली, पण काही प्राण्यापाखरांची. डुकरे, टिटवीवरून तिटवे, मुंग्यांच्या वारुळावरून डुमरे. म्हणजे नाव तेलंगणाकडचं, जीभ मराठी, कुळं रानातली. एका माणसात हे तिन्ही कसं आलं, त्याचा उलगडा त्या दीड पानात होत नाही.

त्याही मागं जावं तर आंध्र हे नाव फार जुन्या ग्रंथांत सापडतं. ऐतरेय ब्राह्मणात विश्वामित्राची कथा आहे. त्यानं शुनःशेपाला थोरला मुलगा मानलं, पन्नास वडील मुलांना ते रुचलं नाही, म्हणून त्यानं त्यांना शाप दिला आणि त्यांच्यापासून आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद असे लोक झाले. मनुस्मृतीत निराळंच. तिथं आंध्र म्हणजे संकरातून झालेली जात, गावाबाहेर राहावं आणि रानातल्या जनावरांवर पोट भरावं. एका ग्रंथात ऋषीची मुलं, दुसऱ्यात मिसळीची. आपण म्हणतो, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ पाहू नये. ही सवलत ऋषींपुरतीच दिसते. त्यांच्या शापित मुलांना तिचा फायदा नाही.

आणि सातवाहन? मुलीच्या मामाचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. पण ते राजे आपल्या लेखांत स्वतःला सातवाहन म्हणवतात, आंध्र म्हणवत नाहीत. त्यांचे सर्वांत जुने लेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आणि नाशिकच्या लेण्यांत, राजधानी आपल्या पैठणला. उलट तेलंगणात गोदावरीकाठी कोटिलिंगाला इथं त्यांची सुरुवातीची नाणी निघाली. त्यामुळे मूळ इकडचं की तिकडचं, हा विद्वानांचा वाद मिटलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाशी आजच्या एका घराचं नातं जोडायला कागद कुठून आणायचा? तरी एक गोष्ट मला सुचली ती अशी. पुराणांनी ज्यांना आंध्र म्हटलं त्यांच्याच काळात, त्यांच्याच नावावर, महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती आहे. तेव्हा नाव आंध आणि बोली मराठी, यात न जुळण्यासारखं काय आहे, ते मला तरी दिसत नाही.

नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख मी वर्गात नेहमी सांगते, कारण आईनं मुलाच्या पराक्रमाचं वर्णन केलेला असा दुसरा लेख मला ठाऊक नाही. त्यात तिनं गौतमीपुत्राची एक थोरवी अशी नोंदवली आहे की त्यानं चार वर्णांचा संकर थांबवला. आणि गंमत पाहा! त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची मुलगी होती, कान्हेरीच्या लेखात तसं आहे. शक म्हणजे तर बाहेरून आलेले. राजाच्या घरात संकर झाला की तो तह ठरतो, डोंगरातल्या घरात झाला की डाग.

हे मी डाग म्हणते ते उगाच नाही. त्या 1916 च्या पुस्तकात आंधांचे दोन भाग दिले आहेत, वरताटी आणि खालताटी. वरताटी म्हणजे शुद्ध, खालताटी म्हणजे अनौरस संततीचे. एकत्र जेवतात, लग्नव्यवहार मात्र करत नाहीत. हे वाचल्यावर मला राहवेना. पुढच्या खेपेला मी आजीला भीतभीतच विचारलं. सासूबाई डोळे वटारून बघत होत्या.

आजी रागावली नाही. म्हणाली, "जेवाले कवाच बंदी नव्हती माय. लेकीच्या येळंलाच ते निघायचं." मग थोड्या वेळानं, "बापाचं कोन इचारतं? माय कुठली, तेवढंच इचारत्यात."

मी गप्प झाले. आम्ही तरी काय निराळं करतो? माझ्या लग्नात माझ्या आजोळची तीन पिढ्यांची चौकशी झाली होती. आणि आमचं स्वतःचं? आडनाव मराठी, कुलदैवत बिदर जिल्ह्यातला मैलारचा खंडोबा, आणि सासूबाईंच्या सासूबाई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्यांत अर्धे शब्द कानडी. आम्ही मूळचे कोण, हे कुणी आम्हाला कधी विचारलं नाही. म्हणून आम्हालाही कधी प्रश्न पडला नाही.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत टेनेसी राज्यात असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, इथल्या ॲपलाशियन डोंगरातही असेच लोक आहेत, मेलंजन म्हणतात त्यांना. सावळे, मिश्र वंशाचे, आणि मूळ विचारलं की पोर्तुगीज म्हणून सांगायचे. कुणी म्हणे तुर्क, कुणी म्हणे फुटलेल्या जहाजावरचे खलाशी. 2012 साली काही कुटुंबांच्या रक्तवंशाचा तपास प्रसिद्ध झाला, त्यात बरीच पितृकुळं आफ्रिकी आणि मातृकुळं युरोपी निघाली. मग पोर्तुगीज कशाला सांगायचे? तर शेजारच्या व्हर्जिनियात 1924 साली कायदाच झाला, कागदावर माणूस एक तर गोरा नाहीतर काळा. गोऱ्या रकान्यात राहिलं तर शाळा, लग्न, इज्जत, सगळं शाबूत. माणसं खोटं बोलली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रकान्यानं बोलायला लावलं.

आपल्याकडचा रकाना उलटा. इथं जमात असल्याचं सिद्ध करायचं असतं.

माझ्या विद्यार्थिनीची थोरली बहीण बारावीला चांगले गुण मिळवून नर्सिंगला जाणार होती. जातीचा दाखला होता, पण त्याची वैधता तपासून घ्यावी लागते. अनुसूचित जमातीसाठी 1950 च्या आधीचा कागद असला तर फार मोलाचा. आता ज्या घरातली माणसं मोह वेचत होती, त्यांच्याकडे 1950 च्या आधीचा कागद कुठला असणार? पूर्वी त्याबरोबर देवदैवतं, लग्नाचे विधी, बोली असं विचारून आप्तभावाची चाचणी होई आणि तिच्यावर पुष्कळांचं भवितव्य अडे. 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही चाचणी एवढ्यावरच निर्णय करण्याजोगी कसोटी नव्हे. तो निकाल वाचून मला हायसं वाटलं. नाहीतर आंबाडीच्या भाजीवरून माझ्या सासूबाईच आंध ठरल्या असत्या.

मुलीच्या आजोबांचे थोरले भाऊ लहानपणी जवळच्या मोठ्या गावात दोन इयत्ता शिकले होते. त्या शाळेतून वडिलांनी उतारा आणला. जातीच्या रकान्यात होतं, 'अंध'. काना नाही. तो कागद घेऊन ते एका कचेरीत गेले. तिथला माणूस म्हणाला, हे जातीचं आहे की डोळ्याचं? आणि सगळे हसले. बाप शेतातून आलेला, डोक्याला रुमाल. काही न बोलता कागद घडी करून परत आला. थोरलीनं दोन दिवस जेवण सोडलं. धाकटी वर्गात येऊन माझ्यापुढं उभी राहिली, पण यावेळी तिनं राजांबद्दल काही विचारलं नाही.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो, मी आणि मुलींचे वडील. मुख्याध्यापकांनी माळ्यावरचं मूळ रजिस्टर काढून दिलं. कडा कसरीनं खाल्लेल्या, आणि सगळं उर्दूत. निजामी राज्यात दप्तर उर्दूतच असायचं. मराठी रजिस्टर नंतर कुणीतरी त्यावरून उतरून काढलं होतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, ऐंशीच्या घरातले. त्यांना विनंती केली. ते पायजम्याला क्लिप लावून रिक्षात बसून आले. भिंग लावून पानं उलटत फसली सन 1356 वर थांबले, म्हणजे इंग्रजी 1946-47. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, आणि रकान्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "ये देखो बेटी, अलिफ के उप्पर मद है. अंध नइं, आंध."

मद म्हणजे अलिफवर काढायची एक छोटी आडवी वेलांटी. तीच आपला काना. कुणा उर्दू मुन्शीनं त्या काळी ती नीट काढली होती, आणि आपल्याच मराठीत आणताना ती गळली. मुलींचे वडील ते अक्षर किती तरी वेळ बघत राहिले. त्यांना ना उर्दू येते, ना मराठी फारसं वाचता येतं. मुख्याध्यापकांनी दुरुस्त उतारा दिला, मास्टरसाहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

मग वंशावळ. ती प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची असते. खापरपणजोबा वर, मग पणजोबा, आजोबा आणि त्यांचे भाऊ, वडील, शेवटी मुलगी. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टीनं रेघा मारून कच्ची आखली आणि ओसरीवर आजीला वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "आन्‌ ह्याच्यात म्या कुठं हाय?"

नव्हतीच ती. तिचे सासरे होते, नवरा होता, दीर होते, मुलगा होता. जिनं या घरात पन्नास वर्षं चूल पेटवली ती कुठंच नव्हती. मी समजावायला गेले की नियमच तसा आहे, पितृकुळाचंच लागतं. सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं मी वर्गात किती कौतुकानं फळ्यावर लिहिते!

धाकटीनं वहीतलं एक पान फाडलं. "आजी, तू सांग, मी लिहिते." आजीनं आपलं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, नदीपलीकडं उमरखेडच्या अंगाला. मग सासूचं नाव. मग आजेसासूचं, ती किनवटकडची. मग आपल्या आईचं, आईच्या आईचं. मुलगी पेन्सिलीनं लिहीत गेली, सासूबाईही वाकून बघत होत्या. सहाव्या नावाला आजी थांबली. बराच वेळ आठवत राहिली.

"तिचं नाव कोन घ्यायचं," ती म्हणाली. "तिला सगळे पुसदवालीच म्हनायचे."

मुलीनं लिहिलं, पुसदवाली. कचेरीत जायचा कागद मी पिशवीत घातला, आणि हा दुसरा तिनं इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. थोरलीची तारीख अजून यायची आहे.